ब्रॉयलरला प्रोबायोटिक कसं द्यायचं आणि फायदा झाला का ते कसं बघायचं

प्रोबायोटिकच्या डब्यात जिवंत जंतू असतात, आणि बरेच जण ते ब्लीचिंग टाकलेल्या पाण्यात कालवून तिथंच मारून टाकतात आणि मग म्हणतात पैसे वाया गेले, काही फरक पडला नाही. म्हणून आधी पाणी, मग बाकीचं.

हे द्यायचंच कशाला? गावठी कोंबडीचं पिल्लू आईच्या मागं उकिरड्यावर फिरतं, तिथूनच चांगले जंतू त्याच्या पोटात जातात. हॅचरीच्या पिल्लाला आईच नसते, आतडं जवळपास रिकामं, मग जो जंतू आधी पोचेल तो तिथं घर करतो. 1973 मध्ये फिनलंडच्या नुर्मी आणि रांताला यांनी मोठ्या कोंबड्यांच्या आतड्यातला माल नवीन पिल्लांना पाजला आणि साल्मोनेलाला (हगवण लावणारा वाईट जंतू) जागा मिळेना असं दाखवलं, सगळा खेळ तिथून सुरू झाला.

1. डबा घेताना
लेबलवर जंतूचं नाव, ग्रॅममागे किती सीएफयू (म्हणजे जिवंत जंतूंची मोजणी) आणि एक्सपायरी, हे तिन्ही पाहिजेच. नुसतं "पॉवरफुल प्रोबायोटिक" लिहिलेलं असेल तर ठेवून द्या. लॅक्टोबॅसिलस पाण्यातून द्यायला चांगला पण नाजूक, उन्हाळ्यात पत्र्याच्या शेडमध्ये डबा ठेवला की संपला. बॅसिलस सबटिलिस किंवा लायकेनिफॉर्मिस हे बीजाणू (कडक कवचातलं झोपलेलं रूप) करून राहतात त्यामुळे पेलेट फीड (दाबून गोळ्या केलेलं खाद्य) बनवतानाची उष्णताही बऱ्यापैकी सोसतात. फीडमध्ये घालायचं तर बॅसिलसच.

2. पाण्यातून देताना
क्लोरीन, ब्लीचिंग, पेरॉक्साइड, जे काय टाकी साफ ठेवायला घालता ते आदल्या दिवसापासून बंद. नगरपालिकेच्या नळाचं पाणी असेल तर लसीच्या वेळी करतो तसं लिटरला अडीच ग्रॅम बिनसायीची दूध पावडर घालून थोडं थांबा, मग प्रोबायोटिक. आधी बादलीभर साध्या पाण्यात नीट कालवून मग टाकीत ओता, पाणी गरम नको. सकाळी पक्षी दोन-चार तासात पितील एवढंच पाणी करायचं, दिवसभराची टाकी भरून ठेवायची नाही. डोस लेबलवरचा. निपल लाइन (पक्षी चोचीनं दाबून पाणी पितात ती नळी) असेल तर नंतर साध्या पाण्यानं फ्लश कराच, कारण पावडरमधली साखर आणि दूध आत चिकटून बुळबुळीत थर धरतं आणि निपल चोक होतात.

3. कधी
पहिले तीन ते पाच दिवस सगळ्यात महत्त्वाचे. नंतर फीड बदलताना, लसीनंतर, आणि कडक उन्हाळ्यात दोन-तीन दिवस. लसीच्या पाण्यात मात्र दूध पावडर सोडून दुसरं काहीही मिसळू नका.

आणि अँटिबायोटिक! आपल्याकडे पिल्लं आली की पहिल्या दिवसापासून सवयीनं अँटिबायोटिक चालू असतं आणि वर त्याच दिवशी प्रोबायोटिक, म्हणजे एका हातानं पेरायचं आणि दुसऱ्या हातानं उपटायचं. खरंच आजार असेल तर डॉक्टरांना विचारून कोर्स पूर्ण करा आणि तो संपल्यावर चार-पाच दिवस प्रोबायोटिक द्या. युरोपात वाढीसाठी फीडमध्ये अँटिबायोटिक घालणं 2006 पासून बंद आहे, तिथंही ब्रॉयलर वाढतातच की.

4. कॉन्ट्रॅक्टवाले
कंपनीसाठी करारावर पक्षी वाढवत असाल तर फीड कंपनीचं येतं, त्यात आधीच प्रोबायोटिक असू शकतं, म्हणून सुपरवायझरला विचारूनच पाण्यातून द्या.

5. हिशोब
याशिवाय सगळं अंदाजपंचे. शेडमध्ये जाळी लावून दोन भाग करा, पिल्लं एकाच हॅचरीची, फीड तेच, फक्त एका भागाला प्रोबायोटिक. पाण्याच्या टाक्या वेगळ्या, आणि दोन्हीकडे जायचं असेल तर आधी बिनडोसच्या बाजूला जा. दर आठवड्याला दोन्हीकडचे पन्नास-पन्नास पक्षी तोला, गेलेलं फीड आणि मर लिहून ठेवा. दोन किलोच्या पक्ष्यावर एफसीआर (एक किलो वजनाला किती किलो फीड लागलं) 1.65 चा 1.60 झाला तर पक्ष्यामागे 100 ग्रॅम फीड वाचतं, म्हणजे हजार पक्ष्यांत 50 किलोच्या दोन गोण्या. त्या दोन गोण्यांची किंमत आणि डब्यांचा खर्च समोरासमोर मांडा. खाली अंथरलेला भुसा ओला असेल, ब्रूडिंगला (सुरुवातीला ऊब द्यायच्या दिवसांत) पिल्लं गारठली असतील तर हा फरक दिसणारच नाही, तेव्हा आधी भुसा कोरडा करा आणि डबा पुढच्या बॅचला घ्या.