आरक्षणावर गावात बोलायचं कसं? मराठा-ओबीसी बैठक घेणाऱ्यांसाठी

१ सप्टेंबर २०२३ रोजी जालना जिल्ह्यातल्या अंतरवाली सराटीत आंदोलकांवर पोलिसांचा लाठीमार झाला आणि मराठा आरक्षणाचा प्रश्न मराठवाड्यातल्या पारापारावर येऊन बसला. जून २०२४मध्ये त्याच अंबड तालुक्यात, वडीगोद्रीला, ओबीसी आरक्षणाला धक्का लागू नये म्हणून लक्ष्मण हाके उपोषणाला बसले. मधल्या काळात लोकसभेची निवडणूक होऊन गेली. ज्यांच्या बांधाला बांध लागून आहे, अशी माणसं एकमेकांच्या टपरीवर चहा प्यायची थांबली. अमक्याच्या दुकानातून माल घ्यायचा नाही, अशी भाषा काही गावांत उघडपणे झाली.

कुणाला किती आरक्षण, हे मुंबई-दिल्लीत आणि कोर्टात ठरेल. पण समोरून येणाऱ्याला रामराम घालायचा की मान वळवायची, हे गावातच ठरतं. कोण बरोबर आणि कोण चूक, याचा निवाडा मी इथे करणार नाही. दोन्हीकडच्या दहा-बारा जणांना एका सतरंजीवर बसवून याच विषयावर बोलायची ज्यांची इच्छा आहे, त्यांनी काय करावं, तेवढं सांगतो. विषय टाळून एकोपा टिकत नाही, असं माझं ठाम मत आहे. "जाऊ द्या, आपण सगळे एकच" म्हणत ज्यांना गप्प केलं जातं, ते मोबाइलवरच्या ग्रुपमध्ये बोलतात, आणि तिथे त्यांना अडवणारं, विचारणारं कुणी नसतं.

हेतू आधी पक्का करा

या बैठकीत ठराव करायचा नाही, हात वर करून मतं घ्यायची नाहीत, निवेदन तयार करून तहसीलदाराकडे न्यायचं नाही. कसोटी एकच ठेवा. उठताना मराठा घरातल्या माणसाला ओबीसी शेजाऱ्याची भीती सांगता आली पाहिजे, आणि ओबीसी माणसाला मराठा शेजाऱ्याची अडचण. तीही अशा शब्दांत, की ज्याची आहे तो म्हणेल, "हां, हेच म्हणायचं होतं मला." मत बदललं नाही तरी बैठक सफल झाली समजा.

बोलावणं घरी जाऊन द्या

निमंत्रक दोन हवेत, दोन्हीकडचा एकेक, आणि प्रत्येक घरी दोघांनी मिळून जायचं. ग्रुपवर निरोप टाकलात तर त्याचं पत्रक होतं आणि तासाभरात तालुक्याला पोचतं. दोघं एकत्र दारात उभे दिसले की अर्धा संशय तिथेच गळतो.

पक्षाचे पदाधिकारी, इच्छुक उमेदवार आणि आंदोलनात पुढे बोलणारे यांना पहिल्या बैठकीला बोलावू नका. त्यांच्यावर पुढच्या सभेचं ओझं असतं, त्यांना मागे सरता येत नाही. बाया निम्म्या असू द्या, आणि त्यांना चहा करायला पाठवू नका. गावातले दलित, मुस्लिम, भटके यांच्यापैकीही दोघं-तिघं हवेत. दोघांच्या भांडणात ते वर्षभर गुपचूप बघे होऊन राहिलेले असतात आणि झळ त्यांनाही बसलेली असते.

जागा कुणाच्या वाड्यातली नको, कुणा एका समाजाच्या देवळातली नको, ग्रामपंचायतीचीही नको. रविवारी शाळेचा व्हरांडा उत्तम. माइक नको, खुर्च्या नकोत, हार-शाल-श्रीफळ तर नकोच. गोल बसा. मोबाइल एका पिशवीत गोळा करा आणि पिशवी मध्ये ठेवा. आपलं वाक्य तोडून रात्री फिरवलं जाईल ही धास्ती असेल तर कुणी मनातलं बोलणार नाही. पेरणीचे आणि सोयाबीन काढणीचे दिवस टाळा. कुठे उपोषण चालू असेल तो आठवडा टाळा, आणि आचारसंहितेच्या काळात हा विषयच काढू नका.

एका पानाचं टाचण

या कामात सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. दोन्ही निमंत्रकांनी शेजारी बसून एकच पान लिहायचं, आणि ज्यावर दोघांचंही "हे खरं आहे" असं एकमत होईल तेवढंच त्यात ठेवायचं. निम्मी भांडणं आकड्यांची असतात. ओबीसींना किती टक्के, हा प्रश्न विचारून बघा. एक जण म्हणेल २७, दुसरा म्हणेल १९, तिसरा म्हणेल ३२, आणि तिघंही एकमेकांना खोटं ठरवतील. तिघांचंही खरं आहे. केंद्राच्या नोकऱ्यांत ओबीसींना २७ टक्के आहेत. राज्याच्या नोकऱ्यांत आणि शिक्षणात ओबीसी म्हणून १९ टक्के, विमुक्त जाती-भटक्या जमातींना ११ आणि विशेष मागास प्रवर्गाला २, असे मिळून ३२. अनुसूचित जातींचे १३ आणि अनुसूचित जमातींचे ७ धरले की ५२. हे एवढं कागदावर मांडलं तरी आवाज खाली येतो.

टाचणात आणखी काय असावं? १९९२ साली इंद्रा साहनी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने ५० टक्क्यांची मर्यादा घातली. २०१८मध्ये राज्याने मराठा समाजाला १६ टक्के दिले. २०१९मध्ये उच्च न्यायालयाने ते शिक्षणात १२ आणि नोकरीत १३ वर आणले. ५ मे २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द केलं. फेब्रुवारी २०२४मध्ये विधिमंडळाने १० टक्क्यांचा नवा कायदा केला, आणि त्यालाही कोर्टात आव्हान दिलं गेलं. हा क्रम वाचला की मराठा पोरांच्या मनात "देतात आणि काढून घेतात" ही भावना का बसली, ते समोरच्याला कळतं.

मग कुणबी नोंदींचा मुद्दा. कुणबी ओबीसीत मोडतात, म्हणून घराण्याची जुनी कुणबी नोंद महत्त्वाची. विदर्भात जुन्या दप्तरांत कुणबी नोंद सहज सापडते. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, पुढे १९५६ साली मुंबई राज्यात आला, त्यामुळे इथल्या नोंदी वेगळ्या दप्तरांत विखुरल्या. त्या शोधायला २०२३मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, आणि २ सप्टेंबर २०२५ रोजी हैदराबाद गॅझेटमधल्या, म्हणजे निजामकाळातल्या सरकारी नोंदींच्या आधारे कुणबी दाखला देण्याबाबतचा शासन निर्णय निघाला. मराठा शेतकरी म्हणतो, माझा आजा नागपूरकडे असता तर मला दाखला मिळाला असता. ओबीसी शेजारी म्हणतो, दाखला मिळाला की तू माझ्याच १९ टक्क्यांत येणार, आणि स्थानिक स्वराज्य संस्थांतल्या माझ्या २७ टक्के जागांवरही उभा राहणार. ही दोन्ही वाक्यं टाचणात शेजारी-शेजारी लिहा. दोन्हींत तथ्य आहे, म्हणूनच हा प्रश्न अवघड आहे.

पानाच्या वर तारीख घाला. शासन निर्णय बदलतात, कोर्टाचे आदेश येतात, आणि सहा महिन्यांपूर्वीचा कागद नव्या भांडणाचं कारण ठरतो.

सुरुवात उद्देशिकेने

बालभारतीच्या प्रत्येक पुस्तकाच्या सुरुवातीला संविधानाची उद्देशिका असते. शाळेतल्याच एखाद्या मुलीकडून ती वाचून घ्या. हा उपचार समजू नका. "दर्जाची व संधीची समानता" या शब्दांवर दोन्ही बाजू हक्क सांगतात. एकाचं गाऱ्हाणं मुख्यतः संधीचं असतं, दुसऱ्याचं बऱ्याचदा दर्जाचं. वाचून झाल्यावर प्रत्येकाला विचारा, यातला कोणता शब्द तुम्हाला अजून मिळालेला नाही?

बंधुतेची गोष्टही सांगा. डिसेंबर १९४६मध्ये नेहरूंनी संविधान सभेत मांडलेल्या उद्दिष्टांच्या ठरावात हा शब्द नव्हता. डॉ. आंबेडकरांच्या अध्यक्षतेखालच्या मसुदा समितीने तो फेब्रुवारी १९४८मध्ये घातला, आणि देशाला बंधुभावाची आज आहे तेवढी गरज कधीच नव्हती, असं कारण दिलं. फाळणी आणि गांधीहत्या यांनंतरचे ते दिवस होते. बंधुता हा शब्द सुखाच्या काळात सुचलेला नाही, हे लोकांना माहीत असायला हवं.

त्याआधी १७ डिसेंबर १९४६ला बाबासाहेब त्याच ठरावावर बोलले होते. मुस्लिम लीग सभेत आलेली नव्हती, आणि ती येईपर्यंत ठराव लांबणीवर टाका, अशी सूचना बॅ. मुकुंदराव जयकरांनी मांडली होती. आपण आज राजकीय, सामाजिक, आर्थिक असे सगळ्या बाजूंनी दुभंगलेले आहोत, हे बाबासाहेबांनी आधी सरळ मान्य केलं. मग म्हणाले, त्याचा आशय असा: अडचण शेवटाची नाही, सुरुवातीची आहे, घोषणा बाजूला ठेवू, लोकांना भिववणारे शब्द बाजूला ठेवू, विरोधकांच्या पूर्वग्रहांनाही थोडी सवलत देऊ, म्हणजे ते आपखुशीने सोबत येतील. बैठकीचा नियम यातूनच घ्या. घोषणा नाही, आणि पहिला तासभर कुठल्याही नेत्याचं नाव नाही. नाव निघालं की माणूस आपलं सांगायचं सोडून त्या नेत्याची वकिली करू लागतो.

पहिली फेरी घरच्या गोष्टीची

"आरक्षणाबद्दल काय वाटतं?" असं विचारलंत की टीव्हीवरची चर्चा सुरू होते. त्यापेक्षा विचारा, "घरातलं सगळ्यात शिकलेलं पोर आता काय करतं?" कुणी तीन एकर कोरडवाहूवर कर्ज काढून शिकवलेल्या मुलीचं सांगेल, थोडक्या गुणांनी सरकारी कॉलेज हुकलं त्याचं. कुणी सुताराच्या घरातला पहिला पगार कसा आला ते सांगेल, आणि ती वाट बंद झाली तर धाकट्याचं काय, हेही. आणि मग बऱ्याच गावांत एक गोष्ट आपोआप निघते: दोन्हीकडची पोरं पोलीस भरतीसाठी पहाटे एकाच डांबरी रस्त्यावर सोळाशे मीटरची तयारी करतात. जागा थोड्या आणि पोरं हजारो, हे दुखणं दोघांचं एकच आहे. आरक्षणाचा वाद त्याने मिटत नाही, पण राग नेमका कशावर आहे ते थोडं स्पष्ट होतं.

गावात ज्यांची घरं थोडी, त्यांना आधी बोलू द्या. कुठे मराठ्यांची दोनशे घरं आणि नाभिकांची तीन, तर कुठे वंजारी बहुसंख्य आणि मराठे मूठभर. थोडक्यांवर शांततेच्या नावाखाली गप्प बसायची पाळी येता कामा नये.

उत्तर देण्याआधी परत सांगा

दुसऱ्या फेरीत वाद घाला, पण एका अटीवर. समोरच्याचं म्हणणं आपल्या शब्दांत सांगायचं, त्याचा होकार घ्यायचा, मगच आपलं बोलायचं. ते असं होतं:

"नाना, तुमचं म्हणणं, आम्हाला आरक्षण नकोच."
"नाही आप्पा. घ्या ना. आमच्या ताटातलं नको, एवढंच."
"म्हणजे वेगळं दिलं तर तुमची हरकत नाही?"
"वेगळं अन् कोर्टात टिकणारं. तुमच्या पोराचं नुकसान व्हावं असं आम्ही कुठं म्हणतो?"
"बरं. मग माझं ऐका. वेगळं दिलेलं दोनदा कोर्टात अडकलं, म्हणून आम्ही कुणबी दाखल्याकडं वळलो."

पहिल्या वाक्यात जो माणूस होता आणि शेवटच्या वाक्यात जो आहे, त्यांत फरक पडलेला दिसतो. आप्पांनी मागणी सोडलेली नाही, नानांनी हरकत सोडलेली नाही. पण आता दोघं खऱ्या अडचणीवर बोलताहेत.

तापलं तर

कुणी "तुम्ही लोक" म्हणून सुरुवात केली की निमंत्रकाने शांतपणे विचारावं, "आप्पा, हे समोर बसलेल्या नानांना म्हणालात, की टीव्हीवरच्या माणसाला?" बहुतेक वेळा एवढ्याने भागतं. नाही भागलं तर सगळ्यांनी उठून पाणी प्यायचं. जातीवरून हिणवणारा शब्द आला, तर ते मत नव्हे. तिथल्या तिथे थांबवा आणि शब्द मागे घ्यायला लावा. हा भाग "दोन्ही बाजूंचं थोडं थोडं चुकलं" म्हणत सारवू नका. तो शब्द उच्चारणारा माणूस ज्या निमंत्रकाच्या समाजातला असेल, थांबवायचं काम त्याच निमंत्रकाचं. धमकी आली तर बैठक संपवा.

उठण्याआधी एक छोटं काम

ठराव नको म्हटलं, पण काम हवं. एक सुचवतो. मराठा-कुणबी मुलांसाठी 'सारथी' ही सरकारी संस्था आहे, ओबीसी-भटक्यांसाठी तशीच 'महाज्योती', शिवाय शासनाच्या महाडीबीटी पोर्टलवरच्या शिष्यवृत्त्या. मुदती निघून जातात आणि पोरांना पत्ताच नसतो. शाळेच्या फळ्याशेजारी एक तक्ता लावा, सगळ्या योजना, कागदपत्रं आणि शेवटच्या तारखा एकत्र. तो दोन्हीकडच्या दोन पोरांनी मिळून दर महिन्याला भरायचा. जिथे बहिष्काराची भाषा झाली असेल, तिथे बसलेल्या प्रत्येकाने आपल्यापुरतं सांगावं, की मी लग्नाला, मयतीला आणि दुकानाला जात पाहणार नाही. आपल्यापुरतंच. गावाच्या वतीने बोललात की कुणीतरी मोडायला उठतो.

दुसरी बैठक महिन्याभरात घ्या, आणि विषय आधी सांगा. सरपंचपदाचं आरक्षण आणि त्याची सोडत हा चांगला विषय आहे, कारण तिथे भीती नावानिशी बोलता येते. निमंत्रकांची जोडी बदला. पहिल्या बैठकीला जे आले नाहीत, त्यांच्याकडे त्यांच्याच बाजूने तिथे सगळ्यात कडक बोललेल्या माणसाला पाठवा. "गप्प केलं नाही, सगळं बोललो" हे त्याच्या तोंडून आलं, तर ते येतील.