विंचू चावलाय? कळ उतरली म्हणून निर्धास्त राहू नका

विंचू चावला की घरात पहिला प्रश्न येतो, ‘कळ किती आहे?’ माणूस ओरडत असेल तर सगळे धावपळ करतात आणि शांत पडून असेल तर ‘काही नाही, साधा विंचू होता’ म्हणून सोडून देतात. लाल विंचवाच्या बाबतीत हा हिशेब बऱ्याचदा उलटा असतो. विष अंगात भिनलेल्या रुग्णाला दंशाच्या जागी फारसं दुखत नाही. तिथे सूज किंवा ठळक खूणही नसते. उपचार लागू पडून हातपाय ऊबदार होऊ लागले की दंशाची कळ परत सुरू होते, आणि ते बरं लक्षण मानायचं.

मग बघायचं काय? दरदरून घाम, वारंवार उलटी, तोंडात सुटलेली लाळ, धडधड आणि गार पडलेले हातपाय. आपल्या हाताची मागची बाजू रुग्णाच्या पायाच्या बोटांना लावा. अंग घामाने भिजलंय आणि बोटं बर्फासारखी लागतायत, तर एक मिनिटही थांबू नका. लहान मुलग्यांमध्ये लिंग ताठ राहणं हीसुद्धा सुरुवातीची खूण आहे. संकोचापोटी ती डॉक्टरांना सांगितली जात नाही, पण सांगायलाच हवी. पुढे धाप, खोकला आणि गुलाबी फेस आला, तर फुप्फुसात पाणी साचलंय असं समजा.

हे सगळं होतं कारण विषामुळे शरीरात अ‍ॅड्रिनलिनसारख्या रसायनांचा लोंढा सुटतो, रक्तवाहिन्या आवळतात आणि हृदयावर भलता ताण येतो. प्राझोसिन हे औषध नेमकी ही आवळलेली पकड सोडवतं. महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी १९८०च्या दशकात ते विंचूदंशावर वापरलं आणि हकनाक जाणारे कितीतरी जीव वाचू लागले. विंचवाची प्रतिलस, म्हणजे दंशानंतर विषावर उतारा म्हणून देतात ते इंजेक्शन, तेही मिळतं. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात प्रतिलस आणि प्राझोसिन एकत्र दिलेले रुग्ण नुसत्या प्राझोसिनपेक्षा लवकर सावरले.

हे ऐकून गोळी आणून घरीच देणं ही मात्र नवी चूक. तिने रक्तदाब एकदम खाली येऊ शकतो. मात्रा वजनावर ठरते, ती पुन्हा कधी द्यायची हे डॉक्टर बघतात आणि गोळीनंतर रुग्णाला आडवंच ठेवावं लागतं. ‘बरं वाटतंय’ म्हणून मुलाला उठवून उभं केलं, तर तो चक्कर येऊन पडेल.

दवाखान्यात अ‍ॅलर्जीचं इंजेक्शन आणि स्टिरॉइड देऊन घरी पाठवलं, तर ‘प्राझोसिन आणि निरीक्षणाची गरज आहे का?’ असं स्पष्ट विचारा. ही अ‍ॅलर्जी नव्हे, त्यामुळे त्या दोन्हींचा या विषावर उपयोग नाही. उलट्यांना पित्त समजून गोळी देणं हीही नेहमीची गफलत. लहान मुलाला चोवीस तास देखरेखीखाली ठेवलेलं बरं.

बाकीच्या चुका माहितीच्या आहेत, तरी होतातच: दोरी आवळणं, ब्लेडने चिरणं, जागा चोखणं, पाला किंवा कांदा चोळत बसणं. विंचू उतरवणाऱ्याकडे नेलं की कळ थांबते म्हणतात. ती बऱ्याचदा आपोआपही ओसरते, आणि विष भिनलेल्यात तर ती आधीपासूनच कमी असते. तोवर हातातले दोन-तीन तास निघून जातात. जागा साबणाने धुवा, फडक्यात बर्फ गुंडाळून थोडा वेळ धरा, अंगठ्या-बांगड्या काढा आणि १०८ला फोन लावा. नुसतीच कळ असेल तर डॉक्टर त्या जागी भुलीचं इंजेक्शन देतात.

विंचू शोधण्यात वेळ घालवू नका. समोर दिसलाच तर लांबून फोटो काढा. बारीक नांग्या आणि जाड शेपटी असेल तर जास्त सावध व्हा. मोठा काळा विंचू दिसायला भयंकर असतो, पण जीवघेणा सहसा तांबूस, लहानखुराच.

रात्री झोपेतून किंचाळत उठलेलं, घामाघूम झालेलं आणि उलट्या करणारं मूल दिसलं, तर आधी अंथरूण झटका आणि विंचू सापडो न सापडो, दवाखान्याची वाट धरा.