यकृत प्रत्यारोपणासाठी पैसे उभे करताना या चुका टाळा

आवाहन व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतं, ओळखीतले देतात आणि मग ओघ आटतो. कारण बहुधा मजकुरातच असतं. ‘२५ लाखांची तातडीने गरज’ एवढंच लिहिलेलं. आकडा आला कुठून, याचा पत्ता नाही. रुग्णालयाच्या लेटरहेडवर सही-शिक्का, तारीख आणि रुग्ण नोंदणी क्रमांक असलेलं एस्टिमेट सोबत जोडा. खात्री करायला अनोळखी माणूस थेट रुग्णालयात फोन करू शकला पाहिजे.

एस्टिमेट हातात पडलं की बिलिंग काउंटरवर एकच गोष्ट विचारा: पॅकेजमध्ये काय नाही? यकृताचा भाग देणाऱ्या दात्याच्या तपासण्या, ठरल्यापेक्षा जास्त दिवसांचं आयसीयू, रक्त आणि प्लेटलेट्स बऱ्याचदा पॅकेजबाहेर असतात. घरी गेल्यावरही शरीराने नवं यकृत नाकारू नये म्हणून घ्यायच्या टॅक्रोलिमससारख्या गोळ्या आणि त्यांची रक्तातली पातळी बघण्याच्या चाचण्या सुरूच राहतात. हे सगळं धरलं नाही, तर ऑपरेशननंतर पुन्हा हात पसरावे लागतात, आणि दुसऱ्या आवाहनाला लोक बिचकतात.

सरकारी आणि धर्मादाय मार्ग आधी. महाराष्ट्रातल्या धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत असतात. वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अनुक्रमे १.८ लाख आणि ३.६ लाख. दाखल होतानाच मेडिकल सोशल वर्करला भेटा. मुख्यमंत्री सहाय्यता निधीचा अर्जही ऑपरेशनआधीच करा. भरून झालेल्या बिलाचे पैसे तिथून परत मिळत नाहीत. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला पहिल्याच दिवशी मागा, घोडं तिथेच अडतं. एवढं करून जी तूट उरेल, तीच लोकांकडे मागायची.

पुतण्याच्या यूपीआयवर पैसे घेऊ नका. नातेवाईक नसलेल्यांकडून वर्षात ५० हजारांवर रक्कम आली, तर आयकराचा प्रश्न उभा राहतो. हिशेबावरून घरात कुरबुरी होतात त्या वेगळ्याच. क्राउडफंडिंग प्लॅटफॉर्मवरून रक्कम थेट रुग्णालयाच्या खात्यात वळवा. त्याआधी त्यांचं शुल्क आणि त्यावरचा जीएसटी विचारून घ्या.

सर्वांत महागात पडणारी ओळ म्हणजे ‘दाता हवा, योग्य मोबदला देऊ’. अवयवाच्या बदल्यात पैसे देऊ करणं हा १९९४ च्या प्रत्यारोपण कायद्याखाली गुन्हा आहे. शिक्षा ५ ते १० वर्षं तुरुंगवास, शिवाय किमान २० लाख दंड. मामा, मेहुणा असे दाते कायद्याच्या लेखी जवळचे नातेवाईक नाहीत. त्यांना प्राधिकार समितीची, म्हणजे अशा अवयवदानाला मंजुरी देणाऱ्या समितीची, परवानगी लागते. तो वेळ हिशेबात धरा.

आधार कार्डाचा फोटो टाकू नका. पैसे उरले किंवा रुग्ण वाचला नाही, तर शिल्लक कुठे जाईल, हे आवाहनातच लिहा.