पोस्टग्रेसची मेजर आवृत्ती बदलताना डेटा फोल्डर कसं सांभाळाल

लालबागच्या एका पतपेढीचा डेटाबेस मी सांभाळते, तो पोस्टग्रेस या डेटाबेस सॉफ्टवेअरवर चालतो. एका शनिवारी रात्री तिथे कंटेनरचा (सॉफ्टवेअर ज्या बंदिस्त पॅकेजात चालतं त्याचा) टॅग, म्हणजे आवृत्तीची खूण, १३ वरून १६ झाला आणि पोस्टग्रेस सुरूच होईना. लॉगमध्ये एकच ओळ: फाइल्स या सर्व्हरशी जुळत नाहीत. ऑफिसातला मुलगा घाबरून डेटा फोल्डर उडवायला निघाला होता. फोनवर त्याला थांबवलं, टॅग परत १३ केला, सगळी खाती जागेवर. नव्या सर्व्हरने जुन्या फाइल्सना हातच लावला नव्हता. म्हणून पहिला नियम: सर्व्हर अडला तर काहीही पुसू नका.

डेटा फोल्डरमध्ये 'पीजी_व्हर्जन' नावाची छोटीशी फाइल असते, ती उघडा. २०१७ साली आलेल्या आवृत्ती १० पासून पहिला आकडा हीच मेजर आवृत्ती. १३.४ वरून १३.१४ ला जाताना फाइल्स त्याच चालतात. १३ वरून १६ ला नाही.

डेटा थोडा असेल तर डम्प, म्हणजे डेटाची बाहेर काढलेली प्रत, घेऊन नव्यात भरा. डम्प नव्या आवृत्तीच्या पीजी-डम्प या साधनानेच घ्या. युजर आणि त्यांचे पासवर्ड त्यात येत नाहीत, ते पीजी-डम्पऑलने वेगळे काढावे लागतात.

डेटा मोठा असेल तर पीजी-अपग्रेड हे साधन वापरा. आधी 'चेक' पर्यायाने चालवा, त्यात डेटा बदलत नाही आणि अडचणी कळतात. 'लिंक' पर्याय फाइल्स कॉपी न करता हार्ड लिंक करतो, म्हणजे त्याच फाइलला दुसरं नाव देतो, त्यामुळे काम झटपट होतं. पण नवा सर्व्हर एकदा सुरू झाला की जुन्या फोल्डरवर परतता येत नाही. लोकांच्या ठेवींचा प्रश्न असताना मी हा पर्याय घेत नाही. डिस्कवर दुप्पट जागा करून कॉपीच करते.

त्याच वेळी ऑपरेटिंग सिस्टिम मात्र बदलू नका. लिनक्सच्या जीलिबसी या मूळ लायब्ररीच्या २.२८ आवृत्तीत अक्षरांची क्रमवारी बदलली. जुन्या क्रमाने बांधलेले इंडेक्स (शोधासाठीच्या सूची) तसेच पुढे आले, तर खातं असूनही नावाने शोधल्यावर सापडत नाही. असं झालं तर मजकुराचे इंडेक्स पुन्हा बांधा.

१६ वर गेल्यावर अ‍ॅनालाइझ ही डेटाची आकडेवारी गोळा करणारी आज्ञा चालवायला विसरू नका, नाहीतर शोध मंदावतात आणि सोमवारी काउंटरवर रांग लागते.

मी हे काम रविवारी सकाळी करते. मेगाब्लॉकमुळे निघायला उशीर नको म्हणून पहिली गाडी पकडते. आधी खात्यांची संख्या आणि एकूण शिल्लक कागदावर लिहून घेते, नंतर व्यवस्थापकांसोबत ताडून बघते. जुनं फोल्डर महिनाअखेरचा ताळेबंद जुळेपर्यंत तसंच ठेवते.