बेळगावात गाडीविना शिकताय? या चुका टाळा

पावसाळ्याच्या तोंडावर खानापूर, चंदगड, निपाणीकडची मुलं शिकायला बेळगावात येतात आणि पंधरा दिवसांत घरी फोन जातो, 'बाबा, गाडी घ्यावीच लागणार.' बहुतेकदा गाडीची गरजच नसते, खोली चुकलेली असते.

खोली आधी, बस नंतर

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. बेळगावची दोन सरकारी विद्यापीठं दोन टोकांना आहेत. १९९८ साली सुरू झालेलं विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठ मच्छेला, म्हणजे खानापूर रोडवर. २०१० सालचं राणी चन्नम्मा विद्यापीठ भूतरामनहट्टीला, म्हणजे काकती ओलांडून पुणे-बेंगळूर महामार्गावर. त्यात याच विद्यापीठाला धारवाडच्या दिशेला हिरेबागेवाडीलाही जागा मिळालेली आहे. तेव्हा आपला विभाग नेमका कुठे भरतो, हे प्रवेश घेतानाच विचारा.

मी अनगोळला खोली घेतली, कारण पाहुण्यांच्या ओळखीची होती. वर्ग भूतरामनहट्टीला! रोज आधी सीबीटी म्हणजे मध्यवर्ती बसस्थानक गाठायचं, तिथून दुसरी बस. भाड्यात वाचलेले पैसे वेळेत गेले. मच्छे किंवा उद्यमबागला जाणाऱ्यांनी टिळकवाडी, अनगोळ, भाग्यनगर बघावं. भूतरामनहट्टीवाल्यांनी मध्यवर्ती बसस्थानकापासून चालत जाता येईल अशीच जागा धरावी, थोडी लहान मिळाली तरी. आणि आरपीडीसारख्या टिळकवाडीतल्या कॉलेजात असाल, तर जवळ राहा आणि पायी जा. सायकलही छान चालते. कॅम्प, टिळकवाडीचे रस्ते तसे सपाट आहेत आणि हवा थंड.

बस दिसली की चढायचं

निपाणी, कोल्हापूरकडे जाणारी प्रत्येक बस भूतरामनहट्टीला थांबत नाही. मी एकदा न विचारता चढलो आणि थेट हत्तरगीला उतरलो. परत येईपर्यंत अंतर्गत परीक्षा संपली होती. पायरीवर पाय ठेवण्याआधी कंडक्टरला विचारा. विनाथांबा असेल तर सोडून द्या, मागून साधी बस येते. आणि उतरल्यावर घाईनं महामार्गाचा दुभाजक ओलांडू नका. लांबून का होईना, रस्ता ओलांडायची जी सोय असेल तिथूनच जा. सकाळच्या धुक्यात आणि पावसात ट्रकवाल्याला माणूस दिसत नाही.

याच्याशी जोडलेली दुसरी अडचण म्हणजे बोर्ड. बहुतेक पाट्या कन्नडमध्ये असतात. आपल्या रोजच्या पाच-सहा गावांची नावं कन्नड लिपीत ओळखायला दोन दिवस पुरतात. आपली मराठी आपल्या जागी पक्की आहे. पाटी वाचता आली म्हणून ती कमी होत नाही, आणि अडल्या माणसाला बस चुकवून कुणाचंच भलं होत नाही.

तिकीट आणि पास

कर्नाटकात ११ जून २०२३ पासून शक्ती योजनेत मुलींना साध्या बसमध्ये प्रवास मोफत आहे, पण ओळखपत्रावर कर्नाटकातला पत्ता लागतो. महाराष्ट्रातल्या चंदगडच्या मुली इथेच फसतात. महाराष्ट्राच्या एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे, तेही महाराष्ट्राच्या हद्दीपुरतं. सीमेवरची शिनोळी ओलांडली की हिशोब बदलतो. महिन्याचा खर्च धरताना हे धरा. मोफत असलं तरी शून्य रकमेचं तिकीट मागून घ्या, तपासनीस आला तर तेच दाखवावं लागतं. मुलांनी विद्यार्थी पाससाठी सेवासिंधूवर अर्ज वर्ग सुरू होताच करावा. उशिरा केला तर तेवढे दिवस पूर्ण तिकिटाचे.

रिक्षात मीटरच्या भरवशावर बसू नका, भाडं आधी ठरवा.

वेळेचा अंदाज

टिळकवाडीत पहिलं आणि दुसरं रेल्वे गेट आहे. आगगाडीसाठी गेट पडलं की रिक्षाही तिथेच आणि तुम्हीही तिथेच. परीक्षेच्या दिवशी अर्धा तास हाताशी ठेवा. अनंत चतुर्दशीची मिरवणूक, वैशाखातल्या शिवजयंतीचे चित्ररथ, १ नोव्हेंबर (राज्योत्सव आणि काळा दिन), डिसेंबरातलं सुवर्णसौधमधलं विधिमंडळाचं अधिवेशन, या दिवसांत शहरातले रस्ते वळवतात किंवा बंद होतात. सीमेवर वातावरण तापलं की दोन्हीकडच्या बसही थांबतात. चंदगड, कोल्हापूरकडच्यांनी अशा वेळी शहरातल्या मित्राकडे मुक्कामाची सोय आधीच बोलून ठेवावी.

आणि जे रोज गावाहून येऊन-जाऊन शिकतात, त्यांनी वस्तीच्या गाडीचा विचार केल्याशिवाय संध्याकाळचा क्लास लावू नये. ती संध्याकाळी गावात जाते, रात्रभर तिथेच राहते आणि पहाटे परत निघते. ती चुकली तर जांबोटीच्या जंगलाकडच्या गावांना दुसरं वाहन मिळत नाही, पावसात तर नाहीच. कंडक्टरशी ओळख ठेवा, तुमचा थांबा त्याला माहीत असू द्या. सुटायच्या वेळी तुम्ही दिसला नाहीत तर दोन मिनिटं थांबणारा माणूस तोच.