इंडक्शनआधीची पीव्ही: लेबर रूममध्ये नव्याने आलेल्यांसाठी

इंडक्शन म्हणजे कळा मुद्दाम सुरू करणं, आणि पीव्ही म्हणजे बोटांनी आतून केलेली तपासणी. तिच्यावरून गर्भपिशवीचं तोंड किती तयार आहे ते मोजणाऱ्या बिशप स्कोअरचा तक्ता तुम्हाला पाठ आहे असं धरून चालते. पाच गोष्टी (तोंड किती उघडलंय, किती आखडलंय, किती मऊ आहे, पुढे आहे की मागे, बाळाचं डोकं किती खाली आहे), जास्तीत जास्त 13 गुण. 8 किंवा त्याच्या वर गेला तर पिशवीचं तोंड तयार, 6 किंवा त्याखाली असेल तर आधी ते मऊ करायचं. म्हसरूळच्या आरोग्य विद्यापीठाची परीक्षा एवढ्यावर निघते. रात्री अडीचला, पेठ-सुरगाण्याकडून गाडी आलेली असताना, एवढ्यावर निघत नाही.

ग्लोव्ह चढवण्याआधी कागद वाचा. आपल्याकडे शेवटच्या पाळीची तारीख पुष्कळदा ‘पोळ्याच्या आसपास’ अशी मिळते. पहिल्या तीन महिन्यांतली सोनोग्राफी असेल तर तिच्यावरून दिवस मोजा, नाहीतर 41 आठवड्यांची म्हणून आलेली बाई 39 ची निघते आणि इंडक्शनचं कारणच उरत नाही. वार खाली नाही ना, आधीचं सिझर आहे का, हे बघितल्याशिवाय हात लावायचा नाही. लघवी करून यायला सांगा. पोटावरून डोकं किती पंचमांश लागतंय (म्हणजे अजून किती वर आहे) ते आधी बघा, बाळाचे ठोके ऐका.

आता मुख्य गोष्ट. यावर मी जास्तच बोलणार आहे, कारण आमच्या बॅचमध्ये यात न अडकलेलं कोणी नव्हतं.

पिशवीचं तोंड म्हणजे एक छोटी नळीच, तिच्या योनीकडच्या टोकाला बाहेरचं तोंड, बाळाकडच्या टोकाला आतलं. दुसरी-तिसरी खेप असलेल्या बाईचं बाहेरचं तोंड बऱ्याचदा सैलच असतं. बोट सहज आत जातं, कधी दोनही. आपण खूश होऊन ‘3 सेंटिमीटर’ लिहितो. पण बोट आहे कुठे? बाहेरच्या तोंडात. तसंच हळूच पुढे न्या. आतलं तोंड बंद असेल, तर बोटाच्या टोकाला घट्ट कडा लागते आणि तिच्यापलीकडे जाता येत नाही. बाळाचं डोकं आणि पडदा थेट बोटाला लागत नाही. स्कोअरमध्ये मोजायचं ते हे आतलं तोंड.

फरक किती पडतो ते मांडून बघा. बाहेरच्या तोंडावरून लिहिलं तर 3 सेंटिमीटरचे 2 गुण. बोट आत गेलं म्हणून लांबीही कमी वाटते, ‘60 टक्के आखडलं’ लिहून आणखी 2. कडा मऊ लागली, 2. मध्यावर आहे, 1. डोकं उणे 2 वर, म्हणजे कटीतल्या हाडांच्या खुणेच्या 2 सेंटिमीटर वर, 1. बेरीज 8. त्याच बाईत आतलं तोंड बंद, 0. लांबी जवळपास 3 सेंटिमीटर, म्हणजे जेमतेम पाव भाग आखडलाय, 0. आतपर्यंत चाचपलं तर मध्यम, 1. बाकी तेच, 1 आणि 1. बेरीज 3. 8 वर सरळ ऑक्सिटोसिन (कळा आणणारं औषध) लागतं, 3 वर आधी तोंड मऊ करणारं जेल किंवा फोली (फुगा असलेली नळी). चुकीच्या 8 वर ड्रिप लावली की दिवसभर कळा येतात, तोंड हलत नाही, आणि संध्याकाळी केसपेपरवर ‘फेल्ड इंडक्शन’ (इंडक्शन फसलं) लिहून सिझर. त्या बाईचं इंडक्शन नीट सुरूच झालेलं नसतं.

म्हणून नुसती बेरीज लिहू नका, पाचही आकडे वेगळे लिहा. बाहेरचं आणि आतलं तोंडही वेगळं लिहा. मोबाइलवरच्या कॅल्क्युलेटरवर माझा राग आहे. तो बेरीज बरोबरच करतो, बोट कुठे होतं ते त्याला कोण सांगणार? फोनवर ‘फेव्हरेबल (तोंड तयार) आहे ना?’ एवढंच विचारणाऱ्या सीनियरवरही आहे. त्याला पाच आकडे ऐकवा, चिडला तर चिडू दे.

तोंड मागे वळलेलं असेल तर सापडत नाही, आणि नवखी माणसं पुढच्या भिंतीवरून बोट फिरवून ‘बंद’ लिहितात. बाईला दोन्ही मुठी कमरेखाली घ्यायला सांगा, तोंड पुढे येतं. घट्ट म्हणजे नाकाचा शेंडा आणि मऊ म्हणजे ओठ, हे शिकवतात ते खरंच कामाचं आहे. आणि आपल्या बोटाची रुंदी घरी पट्टीने मोजून ठेवा. ‘एक बोट’ प्रत्येकाचं वेगळं.

1964 मध्ये बिशप यांनी हा स्कोअर मांडला तो आधी बाळंत झालेल्या बायकांवरून. त्यामुळे पहिलटकरणीचा 6 आणि तिसऱ्या खेपेचा 6 एकसारखे समजू नका.

सुरुवातीला हाताला काहीच कळत नाही. घाबरू नका, सगळ्यांचं तसंच असतं. पुस्तकापेक्षा लेबर रूममधल्या जुन्या सिस्टर जास्त शिकवतात. माझं मत विचाराल तर रजिस्ट्रारपेक्षाही. आधी तुमचं लिहा, मग त्यांना तपासायला सांगा, मग दोन्ही ताडून बघा. मात्र शिकण्यासाठी एकाच बाईची चार जणांनी तपासणी करायची नाही, पाणी गेलेलं असेल तर मुळीच नाही. ‘ताई, आतून तपासते, दुखलं तर सांगा’ एवढं म्हणायला वेळ लागत नाही. घट्ट आवळून धरलेल्या बाईत तुम्हाला तसंही काही कळणार नाही.

आधीचं सिझर असेल तर मिसोप्रोस्टॉल (तोंड मऊ करून कळा आणणारी गोळी) नाही. तिथे चर्चा नको, सीनियरला बोलवा.

डायनोप्रोस्टोन जेल 0.5 मिलिग्रॅमचं, सहा तासांनी पुन्हा, 24 तासांत तीनपेक्षा जास्त नाही, आणि शेवटच्या जेलनंतर सहा तास ऑक्सिटोसिन नाही. घड्याळाची वेळ लिहा, ‘रात्री जेल दिलं’ असं नको. रात्री दहाचं जेल म्हणजे पहाटे चारची तपासणी, आणि ती शक्यतो त्याच हाताने व्हावी. ड्यूटी बदलणार असेल तर पुढच्या माणसाला कॉटजवळ नेऊन पाचही आकडे सांगा.