थंडीत म्हशी-शेळ्यांना उवा झाल्यात? एका फवारणीवर भागणार नाही

दिवाळी उलटली की म्हैस खांबाला अंग घासायला लागते, शेळीचे केस जागोजागी गळतात आणि आपण सरळ खरूज म्हणून मोकळे होतो. आधी केस फाकवून बघा की राव! मान, पाठ, शेपटीचं बूड. केसाला चिकटलेल्या पांढऱ्या लिखा दिसल्या म्हणजे उवा आहेत. थंडीत केस वाढलेले, ऊन कमी, जनावरं दाटीनं बांधलेली, मग उवांचं फावतं.

औषधानं उवा मरतात पण लिखा मरत नाहीत, आठवड्या-दोन आठवड्यांत त्या फुटतात आणि परत तेच, मग लोक म्हणतात औषध डुप्लिकेट होतं. त्यामुळे 14-15 दिवसांनी दुसरी फवारणी पाहिजेच, आणि गोठ्यातल्या सगळ्या जनावरांना एकाच दिवशी. फवारायच्या औषधाचं, म्हणजे डेल्टामेथ्रिनचं, प्रमाण बाटलीवर बघून किंवा डॉक्टरांना विचारूनच घ्या, दुपारच्या उन्हात मारा, आधी पोटभर पाणी पाजा म्हणजे अंग चाटणार नाहीत. पिकावरचं कीटकनाशक किंवा जळालेलं ऑइल लावू नका, जनावर दगावतं. फवारणीचं उरलेलं औषधाचं पाणी ओढ्यात ओतलं तर मासे मरतात, तेही बघा.

आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन रक्त पिणाऱ्या उवांवर चांगलं चालतं, पण शेळीवरच्या पिवळट, कातडी कुरतडणाऱ्या उवा त्याला फारशा दाद देत नाहीत, तिथं फवारणी किंवा पावडरच. दुभत्या जनावराला इंजेक्शन डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोच, औषध दुधात उतरतं. करडांच्या पापणीची आतली बाजू पांढरी पडली असेल तर रक्त कमी झालंय, थांबू नका.

कोल्हापूरकडं दिवाळी पाडव्याला म्हशी भादरतात ते नुसतं दिसण्यापुरतं नाही, केसाबरोबर लिखाही जातात. फक्त केस गोळा करून जाळा आणि वस्तरा धुऊनच दुसऱ्या म्हशीला लावा.

रानडुकरांनी, माकडांनी उवा आणल्या असं गावात कायम ऐकू येतं. तसं नसतं हो, ज्याची ऊ त्याच्यावरच जगते, माणसावरही टिकत नाही. शेळी-मेंढीत मात्र देवाणघेवाण होते, म्हशीची कधी गाईवर जाते. उवा खऱ्या आणते ती बाजारातनं आणलेली शेळी. लोणंद असो नाहीतर घोडेगाव, नवीन जनावर दोन-तीन आठवडे वेगळं बांधा आणि दोन्ही फवारण्या झाल्यावरच कळपात सोडा.